भाजणीचं पान आणि जाहिरातीचा पैसा

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५
श्रावणी सोमवार. मावशीच्या उपवासाच्या भाजणीला सकाळपासून मागणी आहे. गूगलवरची जाहिरात सध्या बंद, तरी डोंबिवलीबाहेरची नवी गिऱ्हाइकं येताहेत. ती येतात गेल्या वर्षी लिहिलेल्या पानावरून. साबुदाणा, वरई, राजगिरा वेगवेगळे का भाजायचे, थालीपीठ तव्याला का चिकटतं, हे मावशीने सांगितलं आणि मी तिच्याच शब्दांत वेबसाइटवर उतरवलं. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोकांनी काय शोधलं, आपलं पान किती वेळा दिसलं, किती जण आत आले हे फुकट कळतं. बहुतेकांचे शब्द मराठी असतात, पण टाइप इंग्रजी अक्षरांत करतात. म्हणून मथळ्यात दोन्ही रूपं ठेवली आहेत.

मंगळवार, ९ सप्टेंबर
दिवाळीच्या फराळाचं मात्र असं नाही. ‘दिवाळी फराळ ऑनलाइन’ असं शोधलं की पहिल्या पानावर मोठी दुकानं आणि मोठ्या वेबसाइट. तिथे आपलं पान या हंगामात पोचणार नाही. नव्या पानाला वर यायला महिने लागतात. चार आठवडे पैसे देऊन दिसणं हाच मार्ग. मावशी म्हणाली, “पितृपक्ष संपू दे, घटस्थापनेला सुरू कर.” मलाही ते पटलं. त्याआधी फराळाची खरेदी कोण करतं?

सोमवार, २२ सप्टेंबर
घटस्थापना. जाहिरात सुरू केली. प्रत्येक शोधामागे लिलाव होतो. बोली मोठी असली की जागा मिळतेच असं नाही, जाहिरात आणि पान शोधाशी किती जुळतं हेही पाहिलं जातं. म्हणून ‘चकली भाजणी’ शोधणाऱ्याला थेट त्याच भाजणीच्या पानावर नेलं, मुखपृष्ठावर नाही.

एक गोष्ट मुद्दाम तपासली. मावशीची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे माल महाराष्ट्राबाहेर पाठवता येत नाही. जाहिरातीत ‘महाराष्ट्र’ निवडलं तरी आपोआप जी निवड असते, तिच्यात महाराष्ट्राविषयी रस दाखवणारी बाहेरची माणसंही धरतात. न्यू जर्सीतून कुणी महाराष्ट्रातला फराळ शोधला, तर त्याच्या टिचकीचेही पैसे आपणच भरायचे! ‘प्रत्यक्ष तिथे असलेली माणसं’ हा पर्याय निवडला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
लोकांनी नेमकं काय टाइप केल्यावर जाहिरात दिसली, त्याची यादी आज वाचली. जाहिरातीवरच्या खर्चातलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ही यादी. ‘चकली रेसिपी’, ‘चकलीचा सोऱ्या’, ‘घरबसल्या पॅकिंगचं काम’ असं शोधणाऱ्यांना भाजणी नको आहे. ‘रेसिपी’, ‘सोऱ्या’, ‘काम’ हे शब्द वगळायच्या यादीत टाकले. पण ‘चकली तेलात विरघळते’ हा शोध मी वगळला नाही, वहीत लिहून घेतला.

मावशीला विचारलं. ती परात पुढे ओढून म्हणाली, “अगं, मोहन जास्त झालं की विरघळते, कमी पडलं की दाताला लागते. आणि उकड गार झाल्यावर मळू नये.” मग तिने मूठभर पीठ घेतलं, त्यात कडकडीत तेल घातलं आणि दाबून दाखवलं. मुटका वळला पाहिजे, पण बोटाने ढकलला की मोडला पाहिजे. त्याचा फोटो काढला. रात्री पान लिहून टाकलं, खाली एफएसएसएआयचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि भाजणी मागवायची सोय.

सोमवार, ६ ऑक्टोबर
हिशेब. नुसत्या टिचक्या मोजून काही कळत नाही. धरा, टिचकी सहा रुपयांना पडली आणि तीस जणांत एकाने माल घेतला, तर एका ऑर्डरमागे १८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे. नोंदणी नसल्याने तो कर परत मिळत नाही. किलोभर भाजणीत एवढं सुटत नाही. चकली, शंकरपाळी, चिवडा, लाडू असा पूर्ण डबा घेतला तर सुटतं. म्हणून आजपासून जाहिरात फक्त डब्याची. भाजणी पानांवरून विकू.

बुधवार, १५ ऑक्टोबर
परवा वसुबारस. नागपूर, कोल्हापूरकडची पार्सलं आता वेळेत पोचतील याची कुरियरवाला हमी देत नाही. जाहिरात बंद केली. तासाभरात जाहिरातीवरून नव्या लोकांचं येणं थांबलं. पैसे संपले की दिसणं संपतं, हे जाहिरात देणाऱ्या प्रत्येकाने धरूनच चालावं.

सोमवार, १० नोव्हेंबर
दिवाळी होऊन गेली, तरी चकलीच्या पानावर थोडे थोडे लोक येतच आहेत. काही प्रश्नांची उत्तरं गूगल आता स्वतःच वर देतं, त्यामुळे नुसतं वाचायला येणारे कमी होतील. पण मुटक्याचा फोटो आणि मावशीची भाजणी मिळते ती याच पानावर. हे पान फुकट झालं असं मात्र कुणी म्हणू नये. मावशीची दुपार आणि माझी रात्र त्यात गेली आहे. त्याचा मोबदला द्यायला हवा, आणि तो मी मावशीच्या हिशेबात धरला आहे.

शेजारच्या काकू पापड विकायचं म्हणताहेत. त्यांनी जाहिरातीसाठी पैसे बाजूला काढलेत. त्यांना म्हटलं, काकू, ते पैसे फेब्रुवारीपर्यंत राहू द्या. आधी एका किलोमागे किती सुटतं ते लिहा आणि पापड फुलत का नाही, लाल का पडतो, हे मला सांगा. पापडाचं गिऱ्हाईक मार्च-एप्रिलमध्ये येतं, त्यामुळे त्यांचं पान याच महिन्यात वेबसाइटवर चढायला हवं.