डेल्को

आमच्या फलटणात जुन्या पेट्रोल गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला गॅरेजवाले डिस्ट्रिब्युटर म्हणत नाहीत, म्हणतात डेल्को. आमच्या अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत, पण हा शब्द त्यांच्या तोंडी माउलीच्या नावाइतका सहज येतो. मी कॉलेजात आल्यावर या शब्दाचे कूळ शोधून काढले. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तेथे 1909 साली चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ काढली. तिच्या आद्याक्षरांचे झाले ‘डेल्को’. केटरिंगने बसवलेली बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची मांडणी पुढे साठ-सत्तर वर्षे जगभरच्या गाड्यांत टिकली. मोठ्या उत्साहाने हे सारे मी अण्णांना सांगितले. ते म्हणाले, “आसंल. आधी बॅटरी धर हिकडं.”

बॅटरी म्हणजे टॉर्च. ती धरणे हे माझे लहानपणापासूनचे काम. गॅरेज म्हणजे तरी काय, घरापुढचे पत्र्याचे छप्पर, एक लाकडी पेटी आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. एके काळी तेथे फियाट आणि पद्मिनीची रांग लागे म्हणतात. ही गाडी तशी आपल्या मुलखाशी नाते सांगणारी. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावाचे वालचंदनगर येथून फारसे दूर नाही, त्यांनीच 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 व प्रीमियर पद्मिनी बाहेर पडल्या. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आता आमच्याकडे अशा गाड्या येतात त्या मोजक्याच, आणि येतात त्या हौसेने जपलेल्या.

पॉइंटचे काम सांगायला सोपे, करायला अवघड. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहतो. ते उघडले की करंट तुटतो आणि त्या झटक्याने कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो. तोच प्लगमध्ये ठिणगी होऊन उडतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर! एवढ्या वेळा उघडमीट करणारे ते दोन इवलेसे पत्रे झिजणार, काळे पडणार, त्यांच्यातले अंतर बिघडणार, हे आलेच. ते अंतर अर्ध्या मिलिमीटरच्याही आतले. अण्णा ते डोळ्यांनी लावतात आणि मग कानांनी तपासतात. “मिसिंग करतीया,” एवढेच म्हणतात, आणि मला मात्र कितीही कान लावला तरी गाडी सुरळीत चालल्यासारखीच वाटते.

आता या पॉइंटच्या जागी बसवायला बाजारात इलेक्ट्रॉनिक किट मिळतात. डेल्कोच्या दांड्यावर चुंबकाचे कडे आणि शेजारी एक छोटी सीलबंद डबी, एवढाच पसारा. चुंबक जवळ आल्याचे कळण्यामागचे तत्त्व एडविन हॉल या संशोधकाने 1879 सालीच शोधले होते. घासायला काही नाही, म्हणून झिजायलाही काही नाही. अण्णांचा या डबीवर राग. “पॉइंट बिघडला तर दिसतो तरी. ही मुकी पेटी. उघडता येत न्हाय, बोलता येत न्हाय.”

त्या रागाची परीक्षा गेल्या उन्हाळ्यात झाली. एक निवृत्त गुरुजी आपली पद्मिनी घेऊन आले. शहरात कोणाकडून तरी त्यांनी असे किट बसवून घेतले होते. सकाळी गाडी झकास चाले; पण दहिवडीच्या वाटेवर मोगराळे घाट चढताना तापली की खाडकन बंद! अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू. बसवणाऱ्याने फोनवरच निदान केले होते: डबी जळत चालली आहे, नवी घ्या. गुरुजींच्या पेन्शनला ते झेपणारे नव्हते. ते म्हणाले, “मिस्त्री, काढून टाका हे. आपले पॉइंटच बरे.”

वाचकहो, अण्णांना याहून गोड वाक्य दुसरे कोणते असणार? जुना पॉइंट पेटीत तयारच होता. तासाभरात काम उरकले असते, पैसे मिळाले असते आणि आपलेच खरे म्हणायलाही ते मोकळे झाले असते. पण ते गप्प उभे राहिले आणि मला म्हणाले, “त्या किटचा कागद आसंल बघ डॅशबोर्डात. वाच.”

इंग्रजीतला तो बारीक अक्षरांचा कागद मी उन्हात उभी राहून वाचला. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या तर डबी जळते. इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडू नये. कॉइलचा रोध ठरावीक मर्यादेखाली नसावा. प्लगची तार मोकळी लोंबत ठेवून ठिणगी पाहू नये. हे शेवटचे ऐकून अण्णा हसले. तार बॉडीजवळ धरून ठिणगी बघण्यातच त्यांचा जन्म गेला. त्यांनी मुकाट्याने एक जुना प्लग शोधला, तारेला लावला आणि त्याची पाठ इंजिनला टेकवली.

गाडी गावाबाहेर दामटून, तापवून परत आणली. दारात येऊन ती मेली. ठिणगी नव्हतीच; म्हणजे पेट्रोलचा दोष नाही. कॉइलच्या तारा सोडवून मीटर लावला, तीन ओहमच्या आसपास, कॉइल ठीक. मग चावी चालू करून डबीच्या लाल तारेवर मीटर धरला. बॅटरीवर 12.4 व्होल्ट आणि येथे 9.2! वाटेत तीन व्होल्ट कोठे गळत होते? अण्णांनी बॅटरीपासून एक वेगळी तार थेट आणून क्षणभर जोडली आणि गुरुजींना स्टार्टर मारायला सांगितले. तापलेली गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.

डबी निर्दोष होती. चोर होता तो चाळीस वर्षांचा चावीचा स्विच आणि त्याच्या पाठीमागचा हिरवा पडलेला जोड. तापला की त्याचा रोध वाढे. पॉइंटला नऊ व्होल्ट मिळाले तर तो कुरकुरत का होईना चालतो. डबीला ठरावीक दाब मिळाला नाही की ती सरळ काम थांबवते. अण्णांनी बॅटरीपासून जाड तार, मध्ये फ्यूज आणि एक रिले बसवला; आता जुन्या स्विचने फक्त रिले ओढायचा, सगळा भार वाहायचा नाही. खर्च नव्या डबीच्या मानाने किरकोळ. जुना पॉइंट आणि कंडेन्सर त्यांनी फडक्यात गुंडाळून गुरुजींच्या डिकीत ठेवला. वाटेत कधी अडचण आलीच तर कोणत्याही गावचा मिस्त्री तो बसवू शकेल.

त्या रात्री अण्णा फारसे जेवले नाहीत. “ही पेटी चालायला लागली तर आमचा कान कुणाला पायजे?” असे आईला म्हणताना मी ऐकले. आई म्हणाली, “कागद आत्ता वाचायला हाय की घरात कुणीतरी.” तिने हे समाधानाने म्हटले की टोचून, ते मला अजून उमगलेले नाही. बी. ए. करून पोरगी काय करणार, हा प्रश्न आमच्या घरात महिन्यातून एकदा तरी निघतोच. असो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद मला वहीत मराठीतून उतरवायला सांगितला. मी ‘प्रज्वलन’, ‘ध्रुवता’ असे शब्द घालून तीन पाने सजवली. त्यांनी ती वाचायला लावली आणि ‘प्रज्वलन’च्या जागी ‘करंट’, ‘ध्रुवता’च्या जागी ‘लाल-काळी’ करून घेतले. शेवटी त्या कागदात नसलेली एक ओळ त्यांनी स्वतः सांगितली: किट बसवण्याआधी डेल्कोचा दांडा बोटाने हलवून बघावा, बुश झिजून तो डुगडुगत असेल तर आधी बुश बदलावा, मग किटला हात लावावा.