टेनरच्या ओळीवरचा बारीक आठ

चार आवाजांच्या गाण्यात टेनरची, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाची ओळ स्वतंत्र लिहायची असली की ती बहुधा ट्रेबल क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता सूर ते सांगणारं, ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह) लिहितात आणि क्लेफच्या शेपटीखाली बारीक ८ छापतात. अर्थ सरळ आहे: लिहिलंय त्याच्या एक सप्तक खाली गा. पुरुषाचा आवाज आहे तिथेच लिहायचा तर पाच रेषांच्या खाली जादा रेघा काढत बसावं लागतं, म्हणून ही सोय. जुन्या छापील प्रतींत पुष्कळदा तो ८ नसतोच. टेनर गाणाऱ्याला हे माहीत असणारच, असं तिथे धरलेलं असतं. मला ते माहीत नव्हतं, आणि त्याचा त्रास माझ्या क्वायरमधल्या मुलांच्या गळ्यांना झाला.

मी नवापूरचा. आमच्या तालुक्यात मावची समाजात ख्रिस्ती मंडळ्या बऱ्याच आहेत आणि नाताळ जवळ आला की रात्री उशिरापर्यंत तालमी चालतात. आमच्याकडे विसरवाडी, खांडबाऱ्याकडूनही मुलं येतात. रोज जमणं त्यांना शक्य नाही, म्हणून मी म्युझस्कोर शिकलो. ते मोफत मिळतं आणि नोटेशन भरलं की वाजवूनही दाखवतं. एका जुन्या झेरॉक्सवरून नाताळचं एक गीत चार ओळींत उतरवलं, प्रत्येक आवाजाची वेगळी ऑडिओ काढली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. घरी ऐका, पाठ करून या, म्हटलं.

ओळी जोडताना मी घाई केली. वाद्यांच्या यादीत ‘टेनर’ निवडलं असतं तर ८ वाला क्लेफ आपोआप आला असता. मी सोप्रानोचीच, म्हणजे बायकांच्या वरच्या आवाजाची, ओळ पुन्हा पुन्हा जोडत गेलो आणि फक्त बासचा क्लेफ बदलला. झेरॉक्सवर टेनरला साधा ट्रेबल दिसत होता, तोच ठेवला. चौथ्या रेषेवरचा डी टेनरने साधारण २९४ हर्ट्झला गायचा असतो. माझ्या फाईलमध्ये तो ५८७ ला, सोप्रानोच्याही डोक्यावर वाजत होता. आवाजाच्या आवाक्याबाहेरचे सूर हे सॉफ्टवेअर रंग बदलून दाखवतं. पण त्याच्या लेखी ती ओळ सोप्रानोची होती, त्यामुळे एकही सूर लाल झाला नाही.

पाठवण्याआधी मी ती ऑडिओ ऐकली होती आणि मला ती आवडली होती. सप्तकभर वर गेलेली ओळ बेसूर लागत नाही, उलट उजळ वाटते. उपासनेत बायका आणि पुरुष एकच गीत एका सप्तकाच्या अंतराने गातात, आणि ते वेगळं गातायत असं कुणालाच वाटत नाही. कान सप्तकाचं अंतर माफ करतो.

याच्या मुळाशी माझं शिक्षण होतं, असं मला आता वाटतं. मी पेटीवर शिकलो, भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीवर. तिथे मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाचा बिंदू स्वराखाली, तार म्हणजे वरच्या सप्तकाचा वर. पलुस्कर पद्धतीत मंद्राचाच बिंदू वर येतो आणि तार सप्तकाला उभी रेघ, म्हणून पुस्तक बदललं की बिंदू नीट पाहायचा हे माझ्या अंगात मुरलेलं. पण दोन्ही लिप्यांत सा कुठे धरायचा हे गाणारा ठरवतो. पुरुषाने काळी एक धरावी, बाईने काळी चार किंवा पाच. पान तेच राहतं. स्टाफ नोटेशनमध्ये प्रत्येक सुराची जागा पक्की असते. ते पान गळ्याप्रमाणे सरकत नाही, आणि कॉम्प्युटर तर मुळीच सरकवत नाही.

पुढच्या तालमीला मुलं ओरडत होती. काही जण खोटा आवाज काढत होते, एकाचा घसा बसला होता. मी म्हटलं, रियाज कमी पडतोय, श्वास पुरत नाहीये.

आमच्यातला एक मुलगा गिटार वाजवतो. त्याने टेनरचं पान समोर घेतलं आणि सूर वाजवून दाखवले. गिटारचं नोटेशन साध्या ट्रेबलमध्येच लिहितात आणि वाद्य वाजतं एक सप्तक खाली, त्यामुळे त्याच्या हातून ओळ बरोबर जागी आली. टेनरची मुलं लगेच त्याच्याबरोबर गाऊ लागली. तो म्हणाला, “सर, हे आवाजाला बसतंय.” मी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, “तू चुकीचं वाचतोयस. फाईल ऐकून ये.” तो गप्प बसला आणि गिटार पिशवीत ठेवली. क्लेफची चूक अज्ञानातून झाली होती. इथे मात्र समोर गळे मोकळे झालेले ऐकूनही मी मशीनची बाजू घेतली. हे मला जास्त लागतं.

घरी जाऊन वाचलं, तेव्हा त्या ८ चा उलगडा झाला. मी क्लेफ बदलला, तर सगळे सूर उडी मारून पाच रेषांच्या वर गेले आणि ऑडिओ होती तशीच राहिली. क्लेफ बदलून सूर बदलत नाही. फाईलमध्ये प्रत्येक सुराचा क्रमांक असतो, मधला सी ६०, त्याच्या वरचा ७२. क्लेफ फक्त तो क्रमांक कागदावर कुठे मांडायचा ते ठरवतो. मग सगळं निवडून कंट्रोल आणि खालचा बाण दाबला, तर चारही ओळी सप्तकभर खाली आल्या आणि बास फोनच्या स्पीकरवर ऐकूच येईना. ते परत फिरवलं, एकट्या टेनरची ओळ निवडली, खाली आणली. तेव्हा कुठे कागद आणि आवाज जुळले.

पुढच्या तालमीत सगळ्यांसमोर त्या मुलाला सांगितलं की तू बरोबर होतास. त्याने मान डोलावली आणि गिटार लावायला घेतली. ज्याचा घसा बसला होता त्याला त्या नाताळला बासमध्ये उभं केलं. बाकीच्यांना वरची चाल इतकी पाठ झाली होती की दुसऱ्या कडव्यात, तोंड मिटून गायच्या जागी, दोघे-तिघे सवयीने वरच जायचे. हल्ली टेनरची ओळ लिहून झाली की ती आधी त्या गिटारवाल्या मुलाकडे जाते. तो वाजवतो, एखादा टेनर त्याच्याबरोबर गातो, आणि मग ऑडिओ ग्रुपवर टाकतो.