घाणेवाडी ते पोर्ट लुई

आमच्या जालन्याला समुद्र नाही. मुंबई इथून चारशे किलोमीटर. नदी म्हणाल तर कुंडलिका, तिलाही पाणी पावसाळ्यापुरतंच. तरी नोकरीची सगळी वर्षं मी मुलांना बंदरं पाठ करायला लावली. मुंबई, कांडला, कोची, विशाखापट्टणम... भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवत.

१९८८ साली दहावीतला एक मुलगा तास संपल्यावर जवळ आला. "गुरुजी, मला जहाजावर जायचंय. काय करावं लागतं?"

मलाच माहीत नव्हतं. पण तसं न सांगता मी हसलो. म्हणालो, "अरे, घाणेवाडीच्या तलावात तरी उतरलास का कधी? डी.एड. कर, घराला आधार होईल." बाकीची पोरंही हसली. त्यानं डी.एड. केलं, अंबड तालुक्यात शिक्षक झाला.

मार्च २०२४ मध्ये त्याचा फोन आला. "गुरुजी, पोरगं मॉरिशसला पोचलं. 'सारथी'वर आहे."

'सारथी' हे तटरक्षक दलाचं जहाज. गोव्यात बांधलेलं, १०५ मीटर लांब. कोचीच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्यात असतं, नवे अधिकारी त्यावर दर्यावर्दीपण शिकतात. १२ मार्चला मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू प्रमुख पाहुण्या होत्या. त्या सोहळ्यासाठी नौदलाच्या 'तीर'बरोबर 'सारथी'ही पोर्ट लुई बंदरात गेलं होतं.

याच बंदरात आप्रवासी घाट आहे. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी आणलेले मजूर तिथल्या पायऱ्या चढून बेटावर आले. त्यात आपल्या कोकणातलेही होते. पुष्कळजण परत आलेच नाहीत. त्यांच्या वंशजांना तिथल्या शाळांत आजही मराठी शिकता येतं. पोराला तिथं एक आजी भेटली. तिनं मराठीत विचारलं, "गाव कुठलं?" जालना तिला ठाऊक नव्हतं. त्यानं मोबाईलवर नकाशा काढून दाखवलं.

ऐकून बरं वाटलं, पण १९८८ सालचं ते हसू काही डोक्यातून जाईना. शेवटी म्हणालो, "तेव्हा मी तुला हसलो होतो रे. चुकलंच माझं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, पोरानं बारावीत हेच विचारलं, तेव्हा मलाही काही माहीत नव्हतं. पण मी हसलो नाही. चल, शोधू, म्हणालो."

एवढंच वाक्य मला तेव्हा सुचायला हवं होतं.