टीमक्स: ‘जाते’ नव्हे, ‘येते’

खाडीकाठच्या आमच्या कसब्यात एक घरगुती वाचनालय आहे. ज्यांचं आहे ते आता ऐंशीच्या घरात आहेत आणि सगळा मोहल्ला त्यांना चाचा म्हणतो. कपाटांत उर्दू किताबं, मराठी पुस्तकं आणि दोन्ही भाषांतली शाळांची जुनी वार्षिकं आहेत. वाळवीनं तिचा हिस्सा आधीच नेलाय. जे उरलंय त्याचे फोटो काढून जतन करायचं काम मी दोन वर्षांपासून करते. चाचा एका वेळी आठ-दहा किताबांचं बोचकं देतात, पंधरा दिवसांच्या बोलीवर. बोली म्हणजे बोली.

फोटो मोबाइलवर निघतात. ते भाच्यानं भाड्यानं घेतलेल्या एका छोट्या सर्व्हरवर मी चढवते. तिथला प्रोग्रॅम एकेक पान सरळ करतो, पिवळेपणा काढतो, मग मराठी पानं टेसरॅक्ट नावाचा दुसरा प्रोग्रॅम वाचून त्यांचा मजकूर बनवतो. उर्दूची पानं मात्र नुसती साफ होतात. जुनी उर्दू किताबं कातिबानं हातानं लिहून लिथोवर छापलेली असतात. नस्तालीकची उतरती ओळ, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली अक्षरं, एवढं यंत्राला झेपत नाही. ती आपल्यालाच वाचावी लागतात.

एका बोचक्याला पूर्ण रात्र लागते. सकाळी मी साफ झालेली पानं मूळ किताबाशी ताडून बघते. पुसट पान किताब हातात असतानाच पुन्हा टिपता येतं. म्हणजे एक रात्र वाया गेली, तर त्या किताबातली काही पानं कायमची पुसट राहू शकतात.

आणि रात्री वाया जायच्या. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, इंटरनेट तर ढग बघूनच जातं. सर्व्हर कुठंतरी दूर, त्याच्याकडे वीज आहे, सगळं ठीक आहे, तरी काम थांबायचं. याचं कारण कळल्यावर मला हसू आलं. युनिक्सच्या जुन्या दिवसांत माणसं टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाशी जोडली जायची. तार तुटली की संगणक समजायचा, पलीकडच्यानं फोन ठेवला. मग त्या माणसानं सुरू केलेल्या प्रोग्रॅमना ‘हँगअप’ नावाचा इशारा जायचा आणि ते बंद पडायचे. फोन गेले, इशारा राहिला. आजही जोडणी तुटली की बहुतेक प्रोग्रॅम तसेच मरतात.

यावर भाच्यानं फोनवर एकच शब्द सांगितला. ‘खाला, टीमक्स.’

टीमक्स काय करतो, तर तुमच्या आणि कामाच्या मधे बसतो. एरवी काम तुमच्या जोडणीला लटकलेलं असतं. टीमक्स सर्व्हरवरच एक वेगळी बैठक मांडतो, तिला सेशन म्हणतात. काम त्या बैठकीत चालतं, आणि तुम्ही फक्त दारातून आत डोकावता. वीज गेली, लॅपटॉप मिटला, तरी तिकडे हँगअप कुणाला कळतच नाही. कामाच्या लेखी फोन चालूच आहे.

सेशन सुरू करताना त्याला नाव द्यायचं. मी ‘किताब’ दिलं. दुसऱ्या दिवशी, वाटल्यास दुसऱ्या संगणकावरून, ‘अटॅच’चा हुकूम त्या नावानं सोडला की पडदा जिथे होता तिथेच उघडतो. बाहेर पडायची रीत अशी: कंट्रोल आणि बी एकत्र दाबायचं, बोटं उचलायची, मग डी.

हे पहिलं दाबणं लोकांना अवघड जातं. त्याला प्रिफिक्स म्हणतात, आणि मला ते सोपं गेलं, कारण प्रिफिक्स म्हणजे उपसर्ग. ‘हार’ एक शब्द. मागे ‘प्र’ लावला तर प्रहार, ‘आ’ लावला तर आहार. डी नुसतं अक्षर. कंट्रोल-बीच्या उपसर्गानंतर तोच निरोप. सी आला तर नवी खिडकी. टक्क्याचं चिन्ह आलं तर पडद्याचे शेजारी-शेजारी दोन भाग, दुहेरी अवतरणचिन्ह आलं तर वरखाली दोन. (ही दोन चिन्हं ज्यानं निवडली त्यानं कधी वर्गात काही पाठ करून घेतलं नसावं.)

या निरोपाला इंग्रजीत डिटॅच म्हणतात. मराठीत त्यासाठी नेमका शब्द आहे, ‘येते’. आपण कुणाच्या घरून निघताना ‘जाते’ म्हणत नाही. म्हटलं तर मोठी माणसं रागावतात. डिटॅच म्हणजे ‘येते’ म्हणून उठणं. ‘एक्झिट’ लिहून एंटर दाबलं तर ते ‘जाते’ झालं, ती खिडकी खरंच बंद होते. शाळा, सर्वेक्षणाची ड्यूटी, भाकऱ्या, नमाज, यांच्यामधून वीस-वीस मिनिटं मिळणाऱ्या बाईला हा फरक लगेच उमगतो.

टीमक्स काही पहिला नव्हे. त्याच्याआधी 1987 पासून स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम हेच करत आलाय आणि अजून चालतो. तिथे उपसर्ग कंट्रोल-ए. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी 2007 मध्ये आणला. तुमच्या सर्व्हरवर स्क्रीनच असेल तर तोच वापरा, वाद घालत बसू नका.

दोन गोष्टी मात्र समजून असाव्यात. पहिली, टीमक्स तावीज नव्हे. सर्व्हरच बंद होऊन पुन्हा सुरू झाला तर सगळी सेशनं जातात. म्हणून आमचा प्रोग्रॅम प्रत्येक पान झालं की लगेच डिस्कवर ठेवतो आणि पुन्हा चालवला की झालेली पानं ओलांडून पुढे जातो. दुसरी गोष्ट उर्दूवाल्यांसाठी. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी टीमक्सला कळत नाही, आणि बहुतेक टर्मिनलनाही नाही. ‘किताब’ उर्दूत लिहिलं तर अक्षरं सुटी होऊन उलटी उभी राहतात. मराठीची वेलांटीही कधी अक्षर सोडून भलतीकडे बसते. म्हणून फायलींना मी आकडेच देते, नावांची वही वेगळी.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे एकाच सेशनमध्ये दोघांना एकाच वेळी बसता येतं. भाचा पुण्यात टाइप करतो, अक्षरं माझ्या पडद्यावर उमटतात. मी पुढची ओळ लिहिते, ती त्याला दिसते. एकाच पाटीवर दोघांचे हात. वीस वर्षं शिकवून सांगते, शिकायला याहून चांगली सोय मी पाहिलेली नाही.

तशाच पाटीवर मी गेल्या महिन्यात शाळेतल्या एका सहशिक्षिकेला बसवलं. नाव देणं, ‘येते’ म्हणणं, परत येणं, एवढंच शिकवलं. अर्धा तास पुरला. तिनं तिच्या सेशनचं नाव ‘दस्तरखान’ ठेवलंय. रात्रीच्या पानांची पाळी आता आम्ही वाटून घेतलीय: सम तारखा माझ्या, विषम तिच्या.