नवरदेवाच्या मागचा चौक

जालन्यात जुने फोटो स्कॅन करून जपणारा माणूस नवरदेवाकडे सगळ्यात शेवटी पाहतो. आधी त्याची नजर घोड्याच्या मागे जाते: दुकानाची पाटी, विजेचा खांब, भिंतीवरचं सिनेमाचं पोस्टर. मामा चौकाचा किंवा गांधी चमनचा म्हणून फोटो काढायला जुन्या काळी सहसा कुणी गेलंच नाही. रीळ महाग, त्यात फोटो 36, तेही लग्नासाठी राखलेले. वरात तिथून गेली म्हणून चौक फोटोत आला.

दरबारचं वेगळं. निजामाचे छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांच्या काचेच्या निगेटिव्ह दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. भाजीवाल्याची गल्ली जपणार कोण?

रस्त्याचा फोटो म्हटलं की फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक, दागेर आठवतो. त्यानं 1838 मध्ये पॅरिसच्या रस्त्याचा फोटो घेतला. भिंग काही मिनिटं उघडं राहिल्यानं चालती माणसं नि गाड्या उमटल्याच नाहीत. दिसतो तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक जण. वरातीच्या फोटोत नेमकं उलटं. रस्ता शोधावा लागतो, गर्दीच गर्दी.

मग साल ठरवायचं कसं? एका कृष्णधवल प्रिंटमध्ये मुंडावळ्यांच्या बाजूनं अर्धी पाटी डोकावते. भिंगाखाली धरल्यावर ‘जि. औरंगाबाद’ एवढं वाचता येतं. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी, म्हणजे पाटी त्याआधीची. फोटो त्याआधीचाच असेल असं नाही. पाटी रंगवायला पैसे पडतात, जुनी चालते तोवर दुकानदार चालवतो. स्कूटरवर जालन्याचा ‘एमएच 21’ नंबर दिसला तर फोटो 1989 च्या आधीचा नाही, हे मात्र पक्कं. उर्दू पाटी दिसली की लोक लगेच ‘निजामाचा काळ’ म्हणून मोकळे होतात. निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली, उर्दू पाट्या नाही संपल्या.

घरातल्या आजींना विचारावं, तर त्यांना पाटी आठवत नाही. वरात कुठे अडली, कोण रुसलं, हे मात्र तोंडपाठ. तेही लिहून घ्यावं. कुठल्याही दफ्तरात ते मिळायचं नाही.

जालनेकरांनो, अल्बम स्कॅनला देताना कडा कापू नका. मागच्या बाजूला हलक्या हातानं पेन्सिलीनं नाव, साल, ठिकाण लिहा. बॉलपेननं नको, पुढं वळ उमटतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवून भागवू नका, त्यात पाटी वाचता येत नाही.