ठेंगा आणि सही

व्यापारी घरातील सकाळ आता मोबाइलच्या पडद्यावर उजाडते. दलालाने धाडलेले भाव, ट्रान्सपोर्टवाल्याने पाठवलेला बिल्टीचा फोटो, नातलगांच्या ग्रुपवर आलेली लग्नाची तारीख, आणि या सर्वांस उत्तर म्हणून एकच चिन्ह : उभा अंगठा. मजकूर कोणताही असो, अंगठा तोच. एखाद्याच्या निधनाच्या वार्तेखालीही तो उमटलेला दिसतो, आणि तेव्हा मात्र घरातील ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडते.

ती आठी अकारण नाही. साठी ओलांडलेल्या पिढीच्या कानांत 'ठेंगा' हा शब्द अजून जिवंत आहे. मूठ वळून, अंगठा ताठ करून तो समोरच्याच्या तोंडापुढे नाचवणे म्हणजे 'जा, काही मिळायचे नाही' असे बजावणे. मराठीत ठेंगा दाखवतात, गुजरातीत ठेंगो बतावतात, हिंदीतही तोच वाक्प्रचार आहे आणि बंगाली माणूस आपल्या 'म्हाताऱ्या बोटाने', म्हणजे अंगठ्यानेच, समोरच्यास वेडावतो. उधारी बुडवून गेलेल्या गिऱ्हाइकाने 'ठेंगा दाखवला' असे पेढीवर आजही म्हटले जाते. भावंडाला अंगठा दाखवणाऱ्या मुलास पूर्वी आजीची चापट बसे. परदेशी जाणाऱ्यांसाठी 'तेथे हाताने काय करू नये' अशा सूचना छापल्या जातात. त्या वाचून, अंगठा दाखवल्याने कोणी का रागवावे, असा प्रश्न हल्लीच्या तरुणास पडतो. त्याच्या पणजोबांना तो पडला नसता.

संवत्सरीच्या दिवशी तर हा विसर फारच बोचतो. एकाने मनापासून 'मिच्छामि दुक्कडम्' लिहून पाठवावे आणि पलीकडून उत्तरादाखल अंगठा यावा! पाठवणाऱ्याच्या मनात आदरच असतो, यात शंका नाही. तथापि क्षमा मागणाऱ्याच्या हाती ठेंगा पडतो, हेही खरे. जोडलेल्या हातांचे चिन्ह त्याच फोनमध्ये, दोन बोटांच्या अंतरावर असते.

अंगठ्याची ही पत बदलली कशी? १९७७ मध्ये कोका-कोला कंपनी भारतातून गेली आणि 'थम्स अप' हे देशी पेय आले. त्याच्या बाटलीवरील तांबडा अंगठा पानटपरीपासून लग्नमंडपापर्यंत पोहोचला. पुढे २००९ मध्ये फेसबुकने पसंतीसाठी अंगठ्याचे बटन आणले आणि २०१० मध्ये मोबाइलच्या जागतिक चिन्हसंचात त्यास अधिकृत स्थान मिळाले. एका पिढीच्या अवधीत ठेंग्याचा होकार झाला. रोमच्या आखाड्यात प्रेक्षक अंगठा वर करून योद्ध्यास जीवदान देत आणि खाली करून मृत्यू, ही या होकाराची प्राचीन वंशावळ म्हणून सांगितली जाते. त्या समजुतीमागे जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ मधील एका गाजलेल्या चित्राचा मोठा हात आहे. चित्राचे नाव ज्या लॅटिन शब्दांवरून घेतले, त्यांचा अर्थ 'वळवलेल्या अंगठ्याने' एवढाच होतो. कोणत्या दिशेस वळवलेला, हे ते शब्द सांगत नाहीत.

जेथे हे स्थित्यंतर पुरते झालेले नाही, तेथे अंगठा अजूनही झोंबतो. युरोपातील हातवाऱ्यांची मोठी पाहणी डेझमंड मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तीत ग्रीस आणि सार्डिनिया बेट येथे उभा अंगठा अश्लील अपमान समजला जात असल्याची नोंद आहे. इराणमध्ये या खुणेस 'बिलाख' असे स्वतंत्र नावच आहे, आणि तिचा अर्थ चारचौघांत उच्चारण्याजोगा नाही. मराठी ठेंग्यात निदान वात्रटपणाची सूट असते. बिलाखमध्ये तीही नाही.

सुकामेव्याच्या आणि केशराच्या व्यापाऱ्यांना इराण परका नाही. केरमानचा पिस्ता आणि खोरासानचे केशर येथील पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहे. अशा व्यवहारासाठी तिकडे गेलेला एखादा तरुण गोदामात पिस्त्याचा नमुना तोंडात टाकतो, माल उत्तम निघतो, आणि तोंड भरलेले असल्याने तो शब्दांऐवजी अंगठा उभा करतो. मालकाच्या मुलास त्यात काहीच वावगे वाटत नाही. तो इंटरनेटवर वाढलेला आहे, दिवसातून वीस वेळा तोच अंगठा पाठवतो. परंतु गादीवर बसलेल्या वृद्ध मालकाचे काय? भाव ठरवण्याचा अधिकार बहुधा त्याच्याकडेच असतो, आणि पाहुण्यास टोकणे त्याच्या मेहमाननवाजीत बसत नसल्याने तो बोलत नाही. चहा येतो, खडीसाखर येते, भाव मात्र उतरत नाही. कोठे बिनसले, हे त्या तरुणास परतीच्या विमानातही उमगत नाही. तळहात छातीवर ठेवून किंचित मान लववली असती, तर मुलगा आणि बाप या दोघांनाही ती एकच गोष्ट कळली असती. त्या देशात आदर व्यक्त करण्याची ती जुनी रीत आहे.

हाताच्या भाषेत जुना व्यापारी कच्चा होता असे कोणी समजू नये. धान्याच्या आणि गुरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरत असे. कोणते बोट धरले म्हणजे किती, हे दोघांनाच ठाऊक. भोवतालच्या दहा जणांस केवळ हलणारा रुमाल दिसे. शेतकऱ्याची त्यात फसवणूक होई, म्हणून नियंत्रित बाजारांत उघड लिलाव आले, आणि ते योग्यच झाले. मात्र त्या पद्धतीत एक शिस्त होती : ज्याला खूण ठाऊक नाही त्याच्या हातात हात द्यायचाच नाही. आजचा अंगठा ओळखीच्या-अनोळखी, देशी-परदेशी, कोणासही जातो, आणि रुमाल तर केव्हाच गळून पडला आहे.

दुसरा धोका अपमानाचा नसून पैशाचा आहे, आणि व्यापारी घरांत त्याची चर्चा त्या मानाने कमी होते.

हात उमटवून करार पक्का करण्याची आधुनिक कथा बंगालमधील जंगीपूरची. १८५८ मध्ये विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी केला आणि कागदामागे त्याच्या संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. उद्या 'ही सही माझी नाही' असे म्हणण्याचा त्यास धीर होऊ नये, हाच त्यामागील हेतू होता. पुढे बँकांच्या काउंटरवर शाईच्या पॅडशेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' हे शब्द रुळले. पुरुषाचा डावा, स्त्रीचा उजवा, शेजारी साक्षीदार. 'अंगठाबहाद्दर' म्हणून हसणाऱ्या सुशिक्षितांच्या सह्यांची नक्कल होऊ शके, त्या अंगठ्याची होत नसे.

आता पडद्यावरील अंगठाही त्याच वाटेने निघाला आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतात मार्च २०२१ मध्ये धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने जवसाचे करारपत्र तयार केले, आपली सही केली, त्याचा फोटो एका शेतकऱ्यास पाठवला आणि 'करार कायम असल्याचे कळवा' असे लिहिले. शेतकऱ्याने अंगठा पाठवला. भाव ठरला होता १७ डॉलर बुशेल. नोव्हेंबरात माल द्यायची वेळ आली तेव्हा बाजार दुपटीच्याही वर गेला होता. माल आला नाही आणि प्रकरण न्यायालयात गेले. अंगठ्याने केवळ करारपत्र मिळाल्याचे कळवले, असे शेतकऱ्याचे म्हणणे पडले. न्यायाधीशांनी उभयतांचे जुने व्यवहार तपासले. पूर्वीही हा शेतकरी 'ओके' किंवा तसलाच एखादा त्रोटक शब्द पाठवी आणि माल पोहोचता करी. जून २०२३ मध्ये निकाल लागला : अंगठा ही संमती, आणि सहीदेखील. भरपाई सुमारे ८२,००० कॅनेडियन डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयानेही बहुमताने तेच कायम केले.

हा निकाल भारतीय न्यायालयांस बांधील नाही. तथापि १८७२ चा भारतीय करार कायदा (जेरोमच्या चित्राचेही साल तेच, हा गमतीचा योगायोग) संमती विनाअट असावी आणि नेहमीच्या, वाजवी रीतीने कळवलेली असावी, असे सांगतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात पुढे घातलेल्या कलमानुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निष्फळ ठरत नाही. ज्या पेढीने वर्षभर अंगठ्यावर माल उचलला, तिने भाव पडल्यावर 'तो अंगठा सहज दिला होता' असे म्हटले, तर ते वकिलास पटवणेही अवघड जाईल.

जुन्या पेढ्यांची पत्रे ज्यांच्या घरी जपून ठेवली असतील, त्यांनी ती एकदा काढून पाहावीत. पोस्टकार्डावर जागा थोडी आणि व्यवहार मोठा, तरीही मुनीम प्रथम पोच देत, मग घरची खुशाली विचारत, आणि सौद्याचा होकार वा नकार शेवटी स्वतंत्र ओळीत, भाव व वजनासह लिहीत. पोच आणि होकार यांची गल्लत त्या कार्डांत आढळत नाही. सस्कॅचेवानच्या त्या शेतकऱ्यास, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, जे कळवायचे होते ते मुनीमांच्या पहिल्याच ओळीत असे : पत्र पावले, मजकूर समजला.