सादीच्या शहरातून इस्फहानच्या पुलापर्यंत

इराणला जायचे ठरले तेव्हा नातेवाइकांनी एकच विचारले, “एवढ्या पैशात उमरा झाला नसता का?” प्रश्न रास्त होता. पण अम्मींचा हज झालेला, गुडघे दरवर्षी थोडे जास्तच कुरकुरत होते, आणि लहानपणी मौलवीसाहेबांपुढे बसून त्यांनी ‘गुलिस्तां’ पाठ केलेली. सादींच्या मजारीवर एकदा फातेहा पढावी, एवढेच त्यांचे मागणे. ते आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता.

‘गुलिस्तां’ १२५८ सालची. त्याच वर्षी हलाकूने बगदाद बुडवले. शिराझमधली मजारीची आजची इमारत गेल्या शतकातली, निळ्या घुमटाची. अम्मींनी फातेहा पढली आणि हळूच एक हिकायत म्हणायला लागल्या. शेजारी शाळेच्या मुली होत्या. त्या आधी हसल्या. आपण सिंहाला ‘शेर’ म्हणतो, इराणी ‘शीर’ म्हणतात, आणि दुधालाही ‘शीर’च! अम्मींची फारसी त्यांना पणजीच्या काळातली वाटली असावी. पण पुढची ओळ अम्मींना आठवेना, तेव्हा ती त्याच मुलींनी पुरी केली. आम्ही दोघे बाजूला उभे होतो. बोलण्यासारखे काही नव्हते.

यज्दमध्ये उर्दू जाणणाऱ्याची मजा होते. ‘बादगीर’ म्हणजे वारा पकडणारा उंच मनोरा, ‘आब-अंबार’ म्हणजे पाण्याचे कोठार. डोंगराचे पाणी जमिनीखालच्या कनातीतून कोसन्‌कोस, केवळ उतारावर, वाळवंटात आणलेले. विज्ञानाच्या तासाला दाखवण्यासाठी आम्ही फोटो काढले.

इस्फहान ही शाह अब्बासची राजधानी. ‘नक्शे-जहान’ चौक अर्धा किलोमीटरहून लांब आहे. त्याच्या कडेच्या शेख लुत्फुल्लाह मशिदीला ना मीनार, ना सहन. आम्हाला मोठ्या शाही मशिदीपेक्षा हीच जास्त भावली. दुसऱ्या एका मशिदीत एका बाईने अम्मींपुढे सजद्यासाठी मातीची टिकिया धरली. अम्मींनी हसून मान हलवली आणि आपल्या रीतीने नमाज पढली. बाईने सरकून जागा करून दिली. घरून निघताना याच गोष्टीची काळजी काहींनी घातली होती.

‘सी-ओ-से पुल’ म्हणजे तेहतीस कमानींचा पूल. खाली झायंदे-रूद, म्हणजे जीवन देणारी नदी. पात्र कोरडे होते. दुष्काळ आणि वरच्या अंगाला वळवलेले पाणी, दोन्ही कारणे सांगतात. जिथे पाणी असायचे तिथे मुले चेंडू खेळत होती. अम्मी मगरिबपर्यंत पायरीवर बसून राहिल्या.

जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. निर्बंधांमुळे आपली बँक कार्डे तिथे चालत नाहीत, रोख न्यावी. किंमत तोमानमध्ये सांगतात, नोटा रियालच्या. दहा रियालांचा एक तोमान. आणि ‘तआरुफ’ ओळखावा : पैसे विचारले की टॅक्सीवाला आधी “राहू द्या” म्हणतो, ती फक्त रीत असते. पुलावरून परतताना अम्मींनी ते खरे मानून त्याला लांबलचक दुआ दिली. आम्ही मागून पैसे पुढे केले.